तुम्ही विचारलंत म्हणून: गुंगीतल्या शरीराला ताण कसला?

गेली बावीस वर्षे मी नागपुरात हृदयशस्त्रक्रियांसाठी भूल देते आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी मी रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना भेटते, जोखीम समजावून सांगते, संमतीपत्रावर सही घेते. त्या बोलण्यात ‘ऑपरेशनचा शरीरावर फार ताण येतो’ हे वाक्य माझ्या तोंडून निघाले, की बहुधा कोणी ना कोणी मला तिथेच थांबवते. गोंदियाहून आलेल्या एका मुलाने विचारले होते, ‘मॅडम, बाबा तर गुंगीतच राहतीन, मंग त्यायच्या जिवाले तरास कायचा?’ हाच प्रश्न मला निवृत्त शिक्षकांनी विचारला आहे, वकिलांनी विचारला आहे आणि माझ्या सख्ख्या मावशीनेही विचारला आहे. धंतोलीतल्या आमच्या रुग्णालयाच्या अरुंद व्हरांड्यात उभ्याउभ्या मी जे उत्तर देते ते दोन वाक्यांचे असते आणि ते देताना मला दर वेळी अपुरे वाटते. म्हणून ते आज सविस्तर लिहिते आहे.

भूल दिल्यावर रुग्णाची जाणीव जाते, आठवण राहत नाही, दुखल्याचे कळत नाही. परंतु जखमेची वार्ता मज्जातंतूंवरून पाठीच्या कण्यात आणि तिथून मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचण्याचे काम भुलेने मंदावते, पूर्णपणे थांबत नाही. हे मला दर शस्त्रक्रियेत डोळ्यांनी दिसते. रुग्णाच्या मनगटातील धमनीत एक बारीक नळी असते आणि तिच्यामुळे प्रत्येक ठोक्याचा दाब मॉनिटरवर लाल रेषेत उमटतो. रुग्णाच्या पापण्यांवर चिकटपट्टी लावलेली असते, मेंदूच्या लहरी मोजणारे यंत्र ४५ चा आकडा दाखवत असते, म्हणजे गुंगी पुरेशी खोल असते. त्याच वेळी सर्जन छातीच्या मधल्या हाडावर करवत चालवतात आणि ११० वर स्थिर असलेला दाब माझ्या डोळ्यांदेखत १६०–१६५ वर जातो, नाडी ६४ वरून ९० च्या पुढे सरकते. मी फेंटॅनिल या वेदनाशामकाची मात्रा वाढवते आणि रेषा हळूहळू खाली येते. चेहऱ्यावर मात्र या सगळ्याचा मागमूसही नसतो.

त्या अर्ध्या मिनिटात जे घडते त्यात मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन लहानशा ग्रंथींचा मोठा हात असतो. अधिवृक्क किंवा ॲड्रीनल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथींचे वजन प्रत्येकी जेमतेम चार-पाच ग्रॅम असते. त्यांच्या गाभ्यातून ॲड्रिनलिन हे संप्रेरक (हार्मोन) येते आणि ते काही सेकंदांत काम सुरू करते. बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल येते, ज्याचा परिणाम सावकाश होतो पण टिकतो. नॉरॲड्रिनलिन मुख्यतः मज्जातंतूंच्या टोकांतून स्रवते. वाघ समोर आला असता या तिघांनी आपल्याला पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी तयार केले असते. करवतीतला आणि वाघातला फरक शरीराला कळत नाही, आणि कळावा अशी अपेक्षाही आपण करू नये.

एवढ्यावर काही जण म्हणतात, की मग होऊ दे थोडा ताण, रुग्णाला कुठे कळतो आहे? या शंकेचे सर्वांत हेलावणारे उत्तर नवजात बालकांकडून मिळाले. इतक्या लहान बाळांना वेदना फारशी जाणवत नाही आणि औषधे मात्र सोसणार नाहीत, अशा समजुतीने एके काळी त्यांना अगदी हलकी भूल देऊन शस्त्रक्रिया केल्या जात. भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाजवळची जन्मतः उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधण्याची ती शस्त्रक्रिया होती. ज्या बाळांना फेंटॅनिल दिले गेले त्यांच्या रक्तातील ताणाच्या संप्रेरकांची उसळी कमी होती आणि शस्त्रक्रियेनंतरचे त्रासही कमी होते. जी बाळे काही सांगू शकत नव्हती, त्यांच्या वतीने त्यांच्या रक्ताने सांगितले. हा अभ्यास मी विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हा मला अजूनही थोडे थांबावे लागते.

आता हृदयशस्त्रक्रियेकडे वळू, कारण तिच्यात असे काही घडते जे पित्ताशयाच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत घडत नाही. झडप बदलायची असेल किंवा हृदयातले छिद्र बुजवायचे असेल, तर हृदय थांबवावे लागते आणि त्याचे व फुप्फुसांचे काम यंत्राकडे सोपवावे लागते. अशा यंत्राच्या साहाय्याने केलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात केली. आज ते यंत्र परफ्युजनिस्ट नावाचे तंत्रज्ञ आमच्या टेबलाशेजारी बसून चालवतात. रक्त नळ्यांमधून, प्लास्टिकच्या ऑक्सिजनेटरमधून फिरते, परक्या पृष्ठभागांना स्पर्श करते, आणि शरीर ती गोष्ट मोठी इजा झाल्यासारखीच धरून चालते. रक्ताची धडधडती लाट जाऊन तिथे बहुधा संथ, एकसारखा प्रवाह येतो. शरीराचे तापमान उतरवले जाते. बाहेर मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना आत टेबलावरच्या माणसाचे रक्त ३२ अंशांवर आणलेले असते. शस्त्रक्रिया संपत आली की ते पुन्हा तापवले जाते, आणि या तापवण्याच्या टप्प्यावर ॲड्रिनलिनची पातळी फार उंच जाते.

त्यात आणखी एक गोष्ट भर घालते, जी डॉक्टरांच्याही चटकन लक्षात येत नाही. फुप्फुसे केवळ श्वासाचे काम करत नाहीत. त्यांच्यामधून जाणाऱ्या रक्तातील नॉरॲड्रिनलिनचा सुमारे पाव हिस्सा ती एका फेरीत काढून घेतात. बायपासवर, म्हणजे या यंत्रावर, असताना रक्त फुप्फुसांना वळसा घालून जाते, त्यामुळे एकीकडे संप्रेरकांचा ओघ वाढलेला असतो आणि दुसरीकडे त्यांचा निचरा करणारे एक दार बंद असते. सुरुवातीला दिलेली भरपूर वेदनाशामके छाती उघडतानाचा ताण चांगला आवरतात, पण बायपासवरच्या या उसळीपुढे ती पुष्कळदा तोकडी पडतात.

इथवरची गोष्ट संप्रेरकांची झाली. खरे उत्तर मात्र पेशीच्या बाजूला आहे. रक्तात कितीही ॲड्रिनलिन फिरले तरी पेशीने ते ओळखल्याशिवाय काहीच होत नाही, आणि ओळखण्याचे काम पेशीच्या आवरणात रोवलेली प्रथिने करतात, ज्यांना आपण रिसेप्टर म्हणतो. १९४८ मध्ये रेमंड अल्क्विस्ट यांनी मांडले, की हे रिसेप्टर दोन जातींचे असावेत, आणि त्यांनी त्यांना अल्फा व बीटा अशी नावे दिली. अल्फा रिसेप्टर मुख्यतः रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाचा वेग आणि जोर बीटा रिसेप्टर वाढवतात. त्या वेळी या कल्पनेकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे जेम्स ब्लॅक यांनी तिच्याच आधारे बीटा रिसेप्टर अडवणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध घडवले आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या रिसेप्टरची घडण आणि कामकाज उलगडल्याबद्दल रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. यांपैकी लेफ्कोविट्झ स्वतः हृदयरोगतज्ज्ञ आहेत, याचा मला विशेष आनंद वाटतो.

रिसेप्टर समजावताना पाठ्यपुस्तके कुलूप आणि किल्लीची उपमा देतात. मला ती अपुरी वाटते, कारण किल्ली कितीही वेळा फिरवली तरी कुलूप तेच राहते. रिसेप्टर तसे राहत नाहीत. अजनी स्टेशनच्या मागे राहणाऱ्या माणसाला रात्रीच्या गाड्यांचा आवाज काही दिवसांनी ऐकूच येईनासा होतो, पाहुण्याला मात्र रात्रभर झोप लागत नाही. रिसेप्टर त्या घरमालकासारखे वागतात. ॲड्रिनलिनचा मारा सतत होत राहिला, तर पेशीतली काही एन्झाइमे बीटा रिसेप्टरच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेटच्या खुणा करतात, त्या खुणांवर अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन बसते, आणि बाहेर ॲड्रिनलिन जोडलेले असूनही निरोप आत जात नाही. मारा तसाच चालू राहिला तर पेशी तो रिसेप्टर आवरणावरून आतच ओढून घेते. १९९० च्या दशकातील संशोधनात बायपासच्या काळात याचाच पहिला टप्पा दिसून आला: रिसेप्टरांची संख्या तेवढीच राहते पण त्यांचा आतल्या यंत्रणेशी असलेला दुवा सुटतो.

प्रत्यक्षात हे कसे दिसते तेही सांगते. सर्जन महाधमनीवरचा क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारा चिमटा, काढतात, उबदार रक्त हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत शिरते, सपाट झालेली ईसीजीची रेषा आधी थरथरते आणि मग तिला लय येते. परफ्युजनिस्ट यंत्राचा प्रवाह पायरीपायरीने कमी करत जातात आणि हृदयाने भार उचलायचा असतो. एका दुपारी गडचिरोली जिल्ह्यातील चाळिशीच्या एका बाईंचे हृदय तो भार उचलेना. संधिवाताच्या तापाने त्यांची झडप लहानपणीच खराब झाली होती आणि त्या फार उशिरा आमच्याकडे पोहोचल्या होत्या. मी ॲड्रिनलिनचा सिरिंज पंप किलोमागे मिनिटाला ०.०५ मायक्रोग्रॅमवर सुरू केला, मग ०.१ केला. नाडी वाढली, जोर वाढला नाही. अन्ननलिकेतल्या सोनोग्राफीच्या पडद्यावर डावा कप्पा दमलेल्या माणसाच्या मुठीसारखा अर्धवटच मिटत होता. तिसऱ्यांदा मात्रा वाढवायला माझा हात पंपाकडे गेला आणि मी तो मागे घेतला, कारण बंद दारावर अधिक जोराने थापा मारण्यात अर्थ नव्हता.

असे का झाले याचे अर्धे उत्तर त्या दिवशीच्या बायपासमध्ये होते आणि अर्धे त्यांच्या मागच्या वीस वर्षांत. खराब झडपेशी झगडणाऱ्या हृदयाला शरीर वर्षानुवर्षे ॲड्रिनलिनने हाकत असते आणि त्या हृदयाचे बीटा रिसेप्टर आधीच कमी झालेले असतात. निकामी होत चाललेल्या हृदयात त्यांची संख्या सुमारे निम्म्यावर येते, असे १९८२ मध्येच दाखवले गेले होते. म्हणजे त्या बाई टेबलावर आल्या तेव्हाच त्यांच्या हाती थोडीच पुंजी होती. विदर्भातल्या, छिंदवाडा-बालाघाटकडच्या ज्या रुग्णांना आजार वेळेवर कळत नाही, त्यांच्या बाबतीत उशिराची ही किंमत मला फार बोचते. ताप आणि सांधेदुखी अंगावर काढलेल्या बालपणाचा हिशेब तीस वर्षांनी पंपाच्या आकड्यात दिसतो.

अशा वेळी आम्ही दार सोडून खिडकीने आत जातो. मिलरिनोन नावाचे औषध रिसेप्टरच्या वाटेने जातच नाही. रिसेप्टर ज्या रेणूमार्फत आतला निरोप पोहोचवतो, त्या रेणूचे विघटन ते आतूनच रोखते, त्यामुळे थोडक्या निरोपाचाही परिणाम टिकून राहतो. रक्तवाहिन्यांच्या बाबतीतही असेच काहीसे होते. बायपासनंतर काही रुग्णांच्या वाहिन्या सैल पडतात आणि नॉरॲड्रिनलिनला दाद देत नाहीत, तेव्हा व्हासोप्रेसिन वापरतात, कारण त्याचे रिसेप्टर निराळे असतात. याखेरीज रक्तातले आम्ल कमी करणे, कॅल्शियम योग्य ठेवणे, शरीर नीट उबदार करणे ही साधी वाटणारी कामेही तितकीच मोलाची आहेत, कारण थंड आणि आम्लयुक्त वातावरणात उरलेले रिसेप्टरही धड ऐकत नाहीत. त्या बाईंना मिलरिनोन सुरू केले, यंत्राचा आधार आणखी वीस मिनिटे तसाच ठेवून हृदयाला विसावा दिला, आणि दुसऱ्या प्रयत्नात त्या यंत्रावरून सुटल्या.

कॉर्टिसॉलची कथा वेगळी आहे. त्याचा रिसेप्टर आवरणावर नसतो, तो पेशीच्या आत वाट पाहत असतो. कॉर्टिसॉल जोडले गेले की तो केंद्रकात शिरतो आणि कोणती जनुके चालू राहावीत, कोणती गप्प बसावीत हे बदलतो. म्हणून त्याच्या परिणामाला तास लागतात. निरोगी माणसात कॉर्टिसॉल सलग वाहत नाही, साधारण तासातासाच्या लहरींनी येते, आणि दोन लहरींच्या मधल्या शांततेत रिसेप्टर पुन्हा मोकळे होतात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांचे रक्त दर दहा मिनिटांनी तपासले, तेव्हा या लहरी शस्त्रक्रियेच्या काळातही चालू असल्याचे त्यांना आढळले. इतक्या उलथापालथीतही शरीर आपली लय सोडत नाही, हे वाचून मी बराच वेळ तो आलेखच पाहत बसले होते.

हे ठाऊक नव्हते त्या काळात, म्हणजे माझ्या उमेदवारीत, बायपासवर जाण्याआधी स्टेरॉइडचे, म्हणजे कॉर्टिसॉलसारख्याच औषधाचे, मोठे इंजेक्शन देण्याचा रिवाज पुष्कळ ठिकाणी होता. शरीर कॉर्टिसॉल मागते आहे, तर आपण अधिक देऊ, दाह कमी होईल, असा त्यामागचा सरळ विचार होता, आणि मीही तो कित्येक वर्षे निष्ठेने पाळला. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या ४,४९४ रुग्णांच्या चाचणीत डेक्सामेथासोनने मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंती यांत ठळक फरक पडला नाही. २०१५ मध्ये १८ देशांतील ७,५०७ रुग्णांच्या चाचणीत मिथाइलप्रेडनिसोलोनचाही निष्कर्ष तसाच निघाला, उलट हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याच्या खुणा त्या गटात अधिक दिसल्या. त्यानंतर मी तो रिवाज सोडला. जिथे शरीर स्वतःच्या लहरींनी आपले काम करते आहे, तिथे एकदम मोठा लोंढा ओतून आपण त्याला मदत करतो असे मला आता वाटत नाही.

एका रुग्णगटाला मात्र स्टेरॉइड द्यावेच लागते आणि त्यांच्यासाठी मी आदल्या संध्याकाळी खोदून खोदून विचारते. आपल्याकडे खेड्यापाड्यांत गुडघेदुखीसाठी, दम्यासाठी पुडीत बांधलेल्या बिनानावाच्या गोळ्या मिळतात. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते आणि घेणाऱ्याला ते ठाऊक नसते. महिनोन्‌महिने बाहेरून मिळत राहिले की शरीराची स्वतःची ग्रंथी काम थांबवते, आणि मग शस्त्रक्रियेच्या दिवशी जी लाट यायला हवी ती येतच नाही. अशा रुग्णाचा रक्तदाब कोणत्याही औषधाला नीट जुमानत नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की घरात असेल ती प्रत्येक पुडी, प्रत्येक पट्टी, वैद्याने दिलेले चूर्णसुद्धा पिशवीत घालून घेऊन या. तुम्हाला कोणी रागावणार नाही.

दुसरी विनंती मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्यांविषयी आहे. चंद्रपूरहून आलेल्या एका गृहस्थांना कोणीतरी सांगितले होते, की ऑपरेशनच्या आधी पाच दिवस गोळी बंद करा. ते सांगणे रक्त पातळ करणाऱ्या एका गोळीपुरते होते, त्यांनी मात्र सगळ्याच बंद केल्या. ते आले तेव्हा नाडी ११८ होती आणि छातीत पुन्हा दुखू लागले होते. इथेही रिसेप्टरांचेच गणित आहे, फक्त उलट्या दिशेने. गोळीने रिसेप्टर झाकून ठेवले की पेशी ऐकण्यासाठी आणखी रिसेप्टर वर आणते. गोळी अचानक थांबली की ते सगळे एकाच वेळी उघडे पडतात आणि साध्या ॲड्रिनलिनलाही हृदय दुपटीने उसळते. त्यांची शस्त्रक्रिया आम्हाला पुढे ढकलावी लागली. म्हणून जी बीटा ब्लॉकर गोळी चालू आहे ती शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते, तुमच्या डॉक्टरांनी विशेष कारणाने थांबवली नसेल तर. याचा अर्थ, ज्यांना ती चालू नाही त्यांना आदल्या दिवशी मोठ्या मात्रेने सुरू करावी, असा नाही. हृदयाव्यतिरिक्त इतर शस्त्रक्रियांच्या ८,३५१ रुग्णांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तसे केल्याने हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले.

शस्त्रक्रिया संपल्यावरही हे सगळे लगेच निवळत नाही. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास पुष्कळ रुग्णांची नाडी एकाएकी अनियमित होते, मधुमेह नसलेल्यांचीही साखर वाढते आणि काही दिवस इन्सुलिन द्यावे लागते. नातेवाईक तेव्हा घाबरतात, आणि त्यांचे घाबरणे मला समजते. गुंगी केव्हाच उतरलेली असते, शरीर मात्र अजून शस्त्रक्रियेतून बाहेर येत असते.

गडचिरोलीच्या त्या बाईंचे औषध आम्ही दोन दिवसांत थेंबाथेंबाने उतरवले. तिसऱ्या सकाळी मी आयसीयूत गेले तेव्हा ॲड्रिनलिनचा पंप बंद होऊन चार तास झाले होते. फिजिओथेरपिस्टने त्यांना छातीशी उशी धरायला लावून पलंगाच्या कडेला बसवले, पाय खाली सोडले. मी मॉनिटरकडे पाहत होते. नाडी ८६ वरून ९२, मग १०१ झाली, दाब किंचित खाली जाऊन पुन्हा वर आला आणि स्थिरावला. त्यांच्या स्वतःच्या ग्रंथींनी सोडलेले ॲड्रिनलिन त्यांच्या हृदयाने ऐकले होते. त्यांनी चहा मागितला, आणि सिस्टरने माझ्याकडे पाहिले तेव्हा मी मान डोलावली.